एंगेलबर्टचे दगड

एंगेलबर्टने पहिला घोट घेतला आणि तळघराच्या मोरीत थुंकला. सलग दुसऱ्या वर्षी तेच. नुसती आंबट, पाणचट वाइन. त्याच्या रीसलिंग द्राक्षांच्या वाइनला तापल्या दगडावर पाणी शिंपडल्यासारखा एक वास असायचा. तो गेला होता.

तो तडक मळ्यात चढला. मोझेल नदीवरचा हा उभा उतार म्हणजे त्याचा जीव की प्राण. पाटीच्या काळ्या दगडाच्या चिपा दिवसभर उन्हात तापत आणि रात्री वेलींना ऊब देत. म्हणून तर इथली द्राक्षं थंडीतही सावकाश पिकत. "पावसात सगळ्यांचे दगड घसरतात, माझे नाही. माझा डोंगर इमानी आहे," अशी टिमकी त्याने बावीस वर्षं गावभर वाजवली होती. आज पहिल्यांदाच त्याने नीट वाकून पाहिलं. वेलींखाली नुसती उघडी माती होती.

खाली, धाकट्या भावाच्या मळ्यात दगडांचा खच पडला होता. तो भाऊ, विलिबाल्ड, वारून अडीच वर्षं झाली होती. वाटणीच्या भांडणानंतर भाऊ भावाशी बोलला नव्हता. विलिबाल्ड अकाली वाकला, तेव्हा एंगेलबर्ट खाणावळीत म्हणाला होता, "पायथ्याची सपाट जमीन, बसून खाणं, तरी पाठीची कमान झालीय बघा!" सगळे पोट धरून हसले होते.

विलिबाल्डची बायको वेली बांधत होती. एंगेलबर्ट बांधावरूनच ओरडला, "हेडविग, माझे दगड तुझ्या रानात कसे?"

"घसरले, भाऊजी. दर हिवाळ्यात पावसाने घसरतात."

"बावीस वर्षांत नाही घसरले ते!"

"तुम्ही फेब्रुवारीत लेकीकडे कोब्लेंझला जायचात ना? तेवढ्यात तुमचे भाऊ ते सगळे पाठीवरून वर नेऊन पसरायचे. वाटणीच्या दिवशी तुम्हीच ह्यांना बजावलं होतंत, माझा एक दगड जरी तुझ्या रानात दिसला, तरी गावासमोर चोर म्हणेन."

"मला कुणी सांगितलं नाही," एंगेलबर्ट कसाबसा म्हणाला.

"विचारायला कधी खाली आलात?"

तिने कोठारातून पाठीवर अडकवायची वेताची टोपली आणून त्याच्यापुढे ठेवली. "घ्या. मला नाही झेपत हे."

त्याने दगड भरले, पट्टे खांद्यांत अडकवले. भावाला शेवटची नावाने हाक कधी मारली, ते त्याला काही केल्या आठवेना. आता ती मारून उपयोगही नव्हता. वीस पावलांत त्याला धाप लागली.

खालून हेडविगचा आवाज आला. त्यात राग नव्हता.

"सावकाश, भाऊजी. ह्यांची पाठ त्यातच गेली."