फक्त वाऱ्यावर

"गुरुजी, यंदा शर्यत होणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे," चंद्रशेखर वकील म्हणाले.

"वारा आहे," दीनानाथ गुरुजी म्हणाले.

वकील नौका मंडळाचे चिटणीस होते. पांढरकवड्याबाहेरच्या तलावावर एका गोऱ्या साहेबाने हे मंडळ काढलं होतं. साहेब गेला आणि शिडाच्या दोन लाकडी होड्या मागे राहिल्या, मैना आणि टिटवी. हलक्या, एकेका माणसापुरत्या. गुरुजी पूर्वी शाळेत चित्रकला शिकवत. आता दरवर्षी ते या होड्यांना तेल पाजत, रंग देत, आणि शिकायला येईल त्या पोराच्या हाती शिडाची दोरी देत.

मंडळाचे नियम शेडच्या दारावरच रंगवलेले होते. शर्यत चैत्रात घ्यावी. निदान दोन होड्या असाव्यात. वल्ह्याला हात लावू नये, फक्त वाऱ्यावर जावं. बांधापासून निघून तलावातल्या दगडी ओट्याला पूर्ण वळसा घालावा आणि बांधाशी परत यावं. सगळ्यात खाली लिहिलं होतं, सलग तीन वर्षं शर्यत झाली नाही तर होड्या विकून मंडळ बंद करावं.

मागची दोन वर्षं शर्यत झाली नव्हती. नागपूरचा एक हॉटेलवाला होड्या मागत होता. बागेत ठेवून त्यात फुलझाडं लावायची होती त्याला. वकिलांनी शब्द देऊन टाकला होता.

"दारावर लिहिलंय ते सगळं आम्ही पाळू," गुरुजी म्हणाले. "तुम्ही फक्त त्यात एक अक्षर वाढवू नका."

वकील हसले. चैत्र संपेपर्यंत थांबतो म्हणाले.

गुरुजी तिथून थेट तांड्यावर गेले. लालसिंगच्या वाडवडिलांनी बैलांवर माल वाहून मुलूख पालथा घातला होता. आता लालसिंगकडे शेत होतं आणि शंकरपटात पळणारी बैलजोडी. गुरुजींचं बोलणं त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे वेड तं चांगलं हाये, गुरुजी." त्याच्या बायकोने, रुपीबाईने, फाटलेली शिडं मांडीवर घेतली आणि जुन्या घागऱ्यांचे तुकडे लावून शिवून दिली. लाल, पिवळी, आरशांसकट.

मैनेवर त्यांची मुलगी गंगी बसणार होती. टिटवीवर बसायला कोणी मिळेना. तेव्हा वकिलांची कुंदा स्वतःहून शेडमध्ये आली. तिला पोहता येत नव्हतं, म्हणून वडील तिला कधीच होडीत बसू देत नसत. यंदा तिने विचारलं तेव्हा त्यांना नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

गुरुजींनी दोघींना शेडमध्येच होडीत बसवून शिकवलं. दोरी कधी ओढायची, कधी सोडायची, वळताना आडवी काठी डोक्यावरून जाते तेव्हा मान कशी खाली घालायची. चुकलं की ते परत पहिल्यापासून सांगत. होडी आडवी घसरू नये म्हणून तळातून एक फळी खाली सोडलेली असते. ती त्यांनी काढून कोपऱ्यात ठेवली. कुंदाने कारण विचारलं.

"या वेळी ती लागत नाही," गुरुजी म्हणाले.

चैत्राच्या शेवटच्या रविवारी लालसिंगने शंकरपटाच्या गाडीची हलकी चाकं होड्यांखाली बांधली आणि त्या बांधावरून खाली उतरवल्या. बघायला गाव लोटलं होतं. हॉटेलवाला ट्रक घेऊनच आला होता. घागऱ्यांची शिडं वर चढली तसा बांधावर हशा पिकला. कोणी लालसिंगला विचारलं, वरात कोणाची म्हणून.

"गुरुजी, लोक हासून राह्यले," गंगी म्हणाली.

"वारा त्यांचं ऐकतो का?"

गंगीने मान हलवली.

"मग तूही ऐकू नको."

वारा पश्चिमेचा, आडवा. जाताही येईल, येताही येईल असा. गुरुजींनी रुमाल खाली केला. मैना जागची हलेना. हशा वाढला. मग शीड एकदम फुगलं आणि ती निघाली. मागोमाग टिटवी. आरसे उन्हात चमकत लांब लांब गेले आणि ओट्यामागे दिसेनासे झाले.

बराच वेळ काहीच दिसलं नाही. मग एकटी मैना बाहेर आली. लोक ओरडले. पण गंगीने मागे पाहिलं, सुकाणू वळवलं आणि ती पुन्हा ओट्यामागे गेली.

"उलटली वाटतं एक," हॉटेलवाला म्हणाला. "लादू का, वकीलसाहेब?"

वकील टाचा उंचावून ओट्याकडे पाहत होते.

दोन्ही शिडं एकदम बाहेर आली. आता बांधावर कोणी हसत नव्हतं. मैना पहिली आली, टिटवी तिच्या पाठोपाठ. कुंदाचं कोपर सोलवटलं होतं आणि केस मातीने भरले होते.

हॉटेलवाला मात्र अडून बसला. पूर्ण वळसा घातलाच नाही, म्हणाला. मागे काय झालं ते कोणी पाहिलं? पोरी अर्ध्यातूनच फिरल्या असतील.

वकिलांनी मुलीकडे पाहिलं.

"बाबा, स्वतः जाऊन बघा," कुंदा म्हणाली.

वकिलांनी धोतराचा सोगा उचलून हातात घेतला आणि ते बांध उतरले. सगळ्यांच्या देखत ते ओट्यापर्यंत गेले, मागच्या बाजूला वळले आणि खाली वाकले. दोन वर्षं पाण्याचा थेंब न पाहिलेल्या, तडे गेलेल्या तलावाच्या तळावर, बोटभर धुळीत, शंकरपटाच्या चाकांच्या खुणा ओट्याला पूर्ण वळसा घालून बांधाकडे परत गेल्या होत्या.