देवाची दाढी

प्रार्थनागृहाच्या भिंतीवर पेंटरने सृष्टीचा जन्म रंगवला होता. देव ओल्या फडक्याने अंधार पुसतोय, पुसल्या जागी तारे उमटताहेत आणि खाली चिखलात पहिला जीव वळवळतोय. ताऱ्यांवर कुणाची हरकत नव्हती. अध्यक्ष अडले ते देवाच्या तोंडाशी.

"अहो, ही तर तुमची बायको!"

"होती. आमच्या घरातला अंधार तीच पुसायची."

"असेल. पण देव असा वैतागलेला?"

"एवढा पसारा एकट्याने आवरायचा म्हटल्यावर हसू कुठून येणार?"

"ते काही नाही. उद्या उद्घाटन आहे. हा चेहरा झाका, नाहीतर मी भिंतीला चुना फासायला लावतो."

पेंटर शिडीवर चढला. संध्याकाळपर्यंत देवाला गालापासून छातीपर्यंत पांढरीशुभ्र दाढी आली. अध्यक्षांनी हात जोडले. "आता कसा देव वाटतो!"

चित्र पक्क्या तेलरंगात होतं. दाढी तेवढी भिजवलेल्या खडूची होती.

निघताना पेंटर झाडलोटीच्या मावशींना म्हणाला, "मावशी, उद्घाटन उरकलं की भिंत ओल्या फडक्याने पुसून घ्या. आमच्या हिला धूळ अजिबात खपत नाही."