लाल गाडीची फेरी

"आधी ब्रेक दाबून धरा, मग बटण," मिथुन म्हणाला. "नुसत्या बटणाने ती चालू होत नाही."

कुंडलिक काकांनी मान हलवली आणि पुन्हा नुसतंच बटण दाबलं. गाडी गप्प.

मुलुंडच्या त्या दुकानात जुन्या पण महागड्या गाड्या विकायला असायच्या. ही लाल गाडी त्यातली सगळ्यात देखणी. दोनच सीट, जमिनीला चिकटलेली. गिऱ्हाईकाला कपड्यांवरून जोखायचं मिथुनने कधीच सोडलं होतं, कारण मागे एकदा हाफ पँटवर आलेला माणूस उभ्या उभ्या गाडी घेऊन गेला होता. त्यामुळे साठी उलटलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले हे काका "मला ही लालच चालवून बघायचीय" म्हणाले, तेव्हा त्याने लायसन्स बघितलं आणि चावी दिली. काकांनी आयुष्यभर महापालिकेचे कचऱ्याचे ट्रक चालवले होते, सगळ्या खेपा गोवंडीच्या कचरा डेपोकडे.

शेवटी इंजिन गुरगुरलं.

"गिअर कुठाय?"

"गिअरचा दांडा नाही, काका. ही बटणं आहेत, आणि स्टिअरिंगच्या मागे या दोन पट्ट्या."

"आणि हँडब्रेक?"

"तोही बटणावर."

दुकानाच्या आवारातून बाहेर पडेपर्यंत गाडीने दोनदा असा हिसका दिला की मिथुनचं डोकं मागे आपटलं. काकांनी कपाळावरचा घाम पुसला.

"न शिकवता हे कुणाला जमेल का?" त्यांनी विचारलं.

मिथुन हसला. "पहिल्यांदा बसणाऱ्याला? शक्यच नाही. विकत घेणाऱ्यांनासुद्धा आम्ही दोन-दोन दिवस शिकवतो."

"मग मला परत एकदा सांगा. हळू."

मिथुनने सांगितलं. काका एकेक शब्द ओठातल्या ओठात म्हणत राहिले.

पुढे रस्ता मोकळा मिळाला तसा हात बसला. मिथुन सैल झाला, नेहमीच्या गप्पांवर आला.

"स्वतःसाठी बघताय?"

"मुलासाठी."

"अरे वा. काय करतो मुलगा?"

"सध्या ठाण्याला असतो."

"नोकरीला?"

काकांनी आरशात बघितलं आणि लेन बदलली.

हायवेला वळायचं होतं. काकांनी गाडी लिंक रोडवर घातली.

"काका, आपली फेरी हायवेने असते."

"मला हा रस्ता बघायचाय."

उतारावर त्यांनी वेग अगदी कमी केला. मागून रिक्षावाले हॉर्न मारत राहिले. दुभाजकाच्या कठड्याचा एक तुकडा नवा होता, अजून रंग न दिलेला. त्याला झेंडूची माळ बांधलेली होती, वाळून काळी पडलेली.

मिथुनला आठवलं. गेल्या वर्षी पहाटे इथेच अशा एका गाडीने स्कूटरवरच्या तरुण फुलवाल्याला उडवलं होतं. हीच कंपनी, हाच रंग. पेपरात फोटो आला होता आणि नंतर बरेच दिवस दुकानातल्या या लाल गाडीकडे कुणी फिरकलं नव्हतं.

"ती हीच गाडी?" काकांनी विचारलं.

"नाही हो. तशीच, पण दुसरी."

"तशीच," काका म्हणाले. मग अगदी सपाट आवाजात, "तशाच गाडीपायी माझा मुलगा गेला."

मिथुनने वळून काकांकडे बघितलं. म्हणजे ठाण्याचा मुलगा ही थाप होती. गाडी घेण्याचीही थापच. त्याने दाराच्या खटक्याकडे हात नेला, पण चालत्या गाडीचं दार लॉक असतं हे त्यानेच निघताना काकांना कौतुकाने सांगितलं होतं.

"काका, बाजूला घ्या ना. मी चालवतो."

काकांनी वेग वाढवला. बसच्या आणि टँकरच्या मधून गाडी अशी निघाली की मिथुनने पाय आखडून घेतले. दुकानात फोन करावा का? पण दुकानाच्या मालकीण रश्मी मॅडमना सांगणार तरी काय?

डोंगराच्या पायथ्याशी एका शांत गल्लीत गाडी शिरली आणि उंच इमारतीच्या फाटकासमोर थांबली. इमारतीचं नाव मिथुनने त्याच बातमीत वाचलं होतं. काकांनी इंजिन बंद केलं नाही. ब्रेकवर पाय, समोर नजर.

"इथे कशाला आलो आपण?"

"रोज याच वेळेला बाहेर पडतो तो."

फाटक उघडलं. पळायचे बूट घातलेला, कानात इअरफोन असलेला एक तरुण बाहेर आला. लाल गाडी दिसताच त्याचा चेहरा खुलला. तो सरळ रस्त्याच्या मधोमध, गाडीच्या तोंडासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने अंगठा वर केला.

काकांच्या पायाखाली इंजिन गुरगुरत होतं.

"काका, ऐका माझं," मिथुन कुजबुजला. "गाडी याची होती, पण याने नाही केलं ते. हा घरी झोपला होता. यांच्या नोकराने मजा मारायला चावी उचलली, तोच गाडी घेऊन गेला. त्याने स्वतः कबूल केलंय. आत आहे तो, भोगतोय. तुम्ही याला काही करून..."

"पेपरात तसंच आलं होतं," काका म्हणाले.

तरुण गाडीभोवती एक चक्कर मारून आला, त्याने बॉनेटवर हलकेच थोपटलं आणि तो रमतगमत पळत कोपऱ्यावरून वळला. काका त्याच्या पाठीकडे तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले.

"मघाशी शिकवण्याबद्दल म्हणालास ते कोर्टात येऊन सांगशील का, पोरा?"

"मी?" मिथुनला काही कळेना. "मी कशाला?"

"तो नोकर म्हणजे माझा किरण. पोळ्या करायचा यांच्याकडे," काका म्हणाले. "त्याला सायकलसुद्धा चालवता येत नाही."