नांदणं

"पोरगी नांदली नाही, एवढंच काय ते दुखणं," मधूमामांनी निकाल दिला आणि चहा बशीत ओतला.

किर्तीला परत न्यायला अंबरनाथहून मंडळी मांजर्लीत तिच्या माहेरी आली होती. नवरा महेश, त्याचे हे मामा आणि सासू वेणूबाई. किर्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गालावरचा वळ फिकटला होता, पण डाव्या कानाने अजून नीट ऐकू येत नव्हतं.

"महेश जरा तापट आहे, मान्य," मामा म्हणाले. "एमआयडीसीत पाळी करून दमून येतो. गड्याचा हात उठतो कधीमधी. पण बाईने उलटून बोलायचं? तोंडाळ बाईचा संसार टिकतो होय?"

किर्तीने वडिलांकडे पाहिलं. महिपती मान खाली घालून बसले होते.

"चुकलं असेल तिचं," ते पुटपुटले. "नांदेल आता. किर्ती, कपडे भर, बाळा."

किर्ती आत वळली.

तेवढ्यात वेणूबाई बोलल्या. आल्यापासून पहिल्यांदाच.

"महेश, तू नांदलास का रं हिच्यासंगं?"

मामांना हसू फुटलं. "अक्का, पुरुष कधी नांदतो का? काहीतरीच तुझं!"

"तेच तर इचारते." वेणूबाई भावाकडे वळल्या. "ह्याचा बाप मारायचा, तवा तो तापट. मी रडले, तर रडूबाई. एकदाच बोलले, तर तोंडाळ. दोन बारी माहेरी आले, दोन्ही बारी तूच परत नेऊन घातलंस, मधू. समदी म्हणली, वेणू नांदली. मी नांदले न्हाई, भावा. नुसती ऱ्हायले."

मामांच्या बशीतला चहा तसाच राहिला. महेश फरशीकडे बघत होता. महिपतींनी मान वर केली.

"किर्ती," ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते कपडे."

मामा उठले, खाली रिक्षा बघायला गेले. महेश दाराशी चपला घालत म्हणाला, "आई, चल."

वेणूबाईंनी भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले.

"तू हो पुढं."

"अगं, मग घरी कधी येणार?"

वेणूबाईंनी किर्तीला हाताला धरून शेजारी बसवलं.

"मला न्यायला बी अशीच चार माणसं घेऊन ये," त्या म्हणाल्या. "मग बघू."