पाहुण्यांविषयी माहिती

"कासव फार गोड असतं," मुलाने वहीतून वाचलं.

"गोड?" बाई म्हणाल्या. "चाटून पाहिलंस का?"

वर्ग खिदळला. मुलगाही हसत खोडरबर शोधू लागला. बाईंनी चोरून मागे पाहिलं. शेवटच्या बाकाशेजारी खुर्चीत साहेब बसले होते. इस्त्रीचा शर्ट, सोनेरी काडीचा चष्मा, मांडीवर चामडी बॅग. तेही हसत होते. बाईंच्या जिवात जीव आला.

तीन वर्षं त्या हंगामी होत्या. आज तपासणीचे साहेब येणार होते, आणि बाई शाळेत राहणार की जाणार हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. म्हणून तर दारात दिसताक्षणी बाईंनी त्यांना मानाने बसवलं होतं. "आधी तुमचं उरकू द्या," एवढंच म्हणून ते बसले आणि पहिल्या रांगेतल्या श्रोत्यासारखे रंगून गेले.

"माहिती लिहायची म्हणजे काय लिहायचं?" बाईंनी खडू उचलला.

"पाहिलेलं, मोजलेलं, विचारलेलं," पोरांनी ध्रुवपद धरावं तसं एका सुरात म्हटलं.

"आणि मनातलं?"

"मनात ठेवायचं."

साहेबांची मान डोलली. बाईंना हुरूप आला. "मग आज पाहुण्यांचीच माहिती लिहा. पंधरा मिनिटं. उठा, विचारा."

पोरांनी साहेबांना गराडा घातला. वर्गातल्या कासवाला लावलेली मोजपट्टी त्यांच्या बुटांना लावली. काय खाता, किती झोपता, कशाला भिता, सगळं विचारून झालं. साहेब कौतुकाने उत्तरं देत होते. एका मुलीने मात्र त्यांच्या कानाशी काहीतरी विचारलं आणि सरळ व्हरांड्यात गेली. सतत विचारत राहते म्हणून तिचं नाव प्रश्नपत्रिका पडलं होतं.

व्हरांड्यातल्या पायरीवर मळक्या शर्टातला एक माणूस बसला होता. बाई लगबगीने दाराशी आल्या.

"दादा, बंद पडलेला पंखा सुट्टीत बघा हं. आत साहेब आहेत."

"चालू द्या, बाई. मी ऐकतोय."

"आणि तू गं? पाहुणे आत आहेत."

"बाहेरचे पाहुणे नसतात का, बाई?"

बाई आत वळल्या.

वाचन सुरू झालं. बूट अकरा इंच. चष्मा दोनदा पुसला. पालीला भितात. एकाही वहीत 'छान' नव्हतं, 'गोड' नव्हतं. हीच पोरं सहा महिन्यांपूर्वी 'गाय एक उपयुक्त प्राणी आहे'च्या पुढे सरकत नव्हती. बाईंचा ऊर भरून आला. शेरा काही का पडेना, एवढं तरी आपल्या हातून झालं.

शेवटी प्रश्नपत्रिका उभी राहिली.

"आज आपल्याकडे दोन पाहुणे आले," तिने वाचलं. "खुर्चीतल्या पाहुण्यांचं काम पंखे दुरुस्त करणं. बॅगेत पक्कड आणि टेस्टर आहे. तुम्हाला साहेब कुणी केलं, असं विचारल्यावर ते म्हणाले, तुमच्या बाईंनी. पायरीवरच्या पाहुण्यांचं काम शाळा तपासणं. त्यांच्या वहीत आज एकच ओळ आहे. ती मी स्वतः पाहिली, म्हणून लिहिते: 'या बाईंना कायम करावे.'"