बाहुलीचा झगा

भांडण झाल्यापासून बाबा सीमाचा फोनच उचलेनात. तेल्हाऱ्याला ते एकटेच; इकडे अमरावतीत तिच्या जिवाला घोर. शेवटी एसटी गाठायला पिशवी भरताना तिला आठवलं, बाबांच्या मोबाइलवरचं खातं तर आपलंच आहे. दिवाळीत लेकीनं, जुईलीनं, त्यावर बाहुलीचा गेम टाकला, तेव्हा सीमानं आजोबा-नातीला बजावलं होतं, "यात काहीबी घेतलं का मले दिसते, बरं!"

तिनं आपल्या फोनवर खरेदीची यादी उघडली. बाहुलीचा झगा, आज सकाळी. काल बाहुलीची चप्पल. परवा टिकली.

तिचा जीव भांड्यात पडला.

"जुईली तं इथं आहे," नवरा चक्रावला. "मंग बाबा कायले घेऊन राहिले हे?"

सीमा हसली. "मले दिसावं म्हणून."