मुठीचं माप

"ट्रिगर हलका करायचाय. आणि मूठ बाबांच्या हाताला बसेल अशी," हितेंद्रने रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवत सांगितलं. ज्यांच्या नावावर लायसन्स होतं ते बाबा, निवृत्त फौजदार आनंदा शिर्के, मागच्या खुर्चीत टेकून धापा टाकत होते.

धोंडूने लायसन्स दोनदा वाचलं. चिंचपोकळीच्या या गाळ्यात बंदुका दुरुस्त करता करता त्याचे केस पिकले होते आणि येणाऱ्या प्रत्येकावर संशय घेणं अंगवळणी पडलं होतं. कागद चोख होते. फौजदारांचं नोकरीतलंच रिव्हॉल्व्हर. खात्याने मोडीत काढलं तेव्हा त्यांनी ते रीतसर विकत घेतलं होतं. तरी धोंडूचं मन मानेना. चाप हलका करून मागणारी माणसं त्याला मुळीच आवडत नसत. त्यातून इथे सगळं बोलत होता तो पोरगा.

"साहेब, आता घरात हे कशाला लागतं?" त्याने थेट म्हाताऱ्याला विचारलं.

"दिवसभर एकटे असतात ना," हितेंद्रच म्हणाला. "सेफ्टीसाठी."

"मी साहेबांना विचारलं."

"तो सांगतोय तेच," म्हातारा पुटपुटला.

लालबागची चाळ, पाडून टॉवर होणार, खोली म्हाताऱ्याच्या नावावर. लायसन्सवरचा पत्ता वाचतानाच धोंडूने मनातल्या मनात सगळं जुळवलं होतं. उद्या काही झालंच तर 'बाबा साफ करत होते, चुकून उडालं' असं सांगायला हलका चाप किती सोयीचा! पोराने बापाची पाठ चोळली, निसटलेली चप्पल खाली वाकून पायात सरकवली. धोंडूला तेही नाटकच वाटलं.

"समोरून तीन कटिंग चहा घेऊन ये जा," तो हितेंद्रला म्हणाला. पोरगा जरा घुटमळला, बापाकडे बघितलं आणि गेला.

धोंडू म्हाताऱ्याजवळ सरकला. "साहेब, आता कोण नाय हा. पोरगो जबरदस्ती करता काय तुमच्यावर?"

म्हातारा पहिल्यांदाच हसला. "हितू? छे! तो तर यायलाच तयार नव्हता. किती दिवस मागे लागलो, तेव्हा कुठे आला."

सगळेच म्हातारे पोरांना असं पाठीशी घालतात, हे धोंडूला ठाऊक होतं. तो कामाला लागला. आत गोळी नाही याची त्याने पुन्हा एकदा खात्री केली, मुठीच्या जुन्या लाकडी पट्ट्या काढल्या आणि उघड्या लोखंडावर शाडूची माती थापली. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून तो ही माती आणायचा. गिऱ्हाइकाने ती एकदा घट्ट धरली की हाताचा ठसा उमटायचा, आणि त्या ठशावरून तो नवी मूठ घडवायचा.

"वापरताना जसं धरणार तसंच धरा हां साहेब," त्याने बजावलं. "नायतर मूठ हाताला बसायची नाय."

तो फडकं ओलं करायला वळला. परत आला तेव्हा रिव्हॉल्व्हर टेबलावर होतं आणि म्हातारा मातीची बोटं पँटला पुसत होता.

"मी बाहेर बाकावर बसतो," म्हातारा म्हणाला. "आत तेलाच्या वासाने मळमळतंय."

धोंडूने रिव्हॉल्व्हर दिव्याखाली धरलं. बोटांचे खळगे भलत्याच बाजूला होते. म्हातारा डावखुरा असेल असं त्याला आधी वाटलं, पण डावा हातही त्यात बसेना. मग त्याने आपली बोटं एकेक करून त्या खळग्यांत ठेवली. चारही बोटं मुठीच्या मागच्या अंगाला गेली, अंगठा चापावर आला आणि नळीचं तोंड त्याच्याच छातीला टेकलं.

धोंडूने चटकन रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं. त्या पोराबद्दल आपण काय काय मनात आणलं, याची त्याला शरम वाटली.

हितेंद्र चहाचे ग्लास घेऊन आला तेव्हा धोंडूने दार लोटून घेतलं आणि मातीचा ठसा त्याला दाखवला. "चोराबिरासाठी नाय मागत रे तुझे बाबा हे. बघ, कसं धरलंय त्यांनी. त्यांना एकटं ठेवू नको."

हितेंद्रने ठसा नीट पाहिला. तो दचकला नाही. हातातले ग्लास त्याने सावकाश टेबलावर ठेवले.

"माहितीये मला," तो म्हणाला. "दुखणं हाडांत गेलंय. डॉक्टरांनी हात टेकले. रात्रभर ओरडत असतात. मागे एकदा असंच धरून बसले होते, पण बोटांत जोरच नाही उरला. ट्रिगर दाबला गेला नाही, म्हणून लहान पोरासारखे रडले माझ्याजवळ." त्याने रिव्हॉल्व्हरकडे बोट केलं. "होईल ना हलका?"

धोंडू त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. याला माया म्हणावं की आणखी काही, त्याला कळेना. त्याचा हात मात्र रिव्हॉल्व्हरवर जाऊन बसला होता.

"हितू," बाहेरून म्हाताऱ्याने हाक मारली. "झालं का रे?"